चौथाई विमान



‘चौथाई’ हा शब्द इतिहासाच्या तासाला तुम्ही माझ्याकडून पुष्कळदा ऐकला आहे. मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा मराठे वसूल करीत, त्याला चौथाई म्हणत. प्रस्तुत लेखात मात्र तो शब्द मी एका निराळ्याच वस्तूला लावीत आहे. खऱ्या विमानाची लांबी, पंखांचा पसारा, चाकाचा व्यास, बैठकीवरील काचेची चौकट, असे प्रत्येक माप चारने भागावे आणि त्या मापांचे विमान तयार करावे. त्यात माणूस बसत नाही, परंतु ते खरोखरीच्या पेट्रोलवर खरोखरीचे उडते आणि जमिनीवर उभा असलेला माणूस ते बिनतारी लहरींनी चालवितो. असे एक विमान गेल्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत तयार झाले.

त्यात माझा वाटा थोडा आहे हे आधीच सांगून टाकते. मी कलाशाखेची पदवीधर. लाकडाला रंधा कोणत्या बाजूने लावावा हेही मला ठाऊक नव्हते. विमानाचे खरे कर्ते म्हणजे आमचे शेजारी, हुबळीच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीतील सारी मुले त्यांना काका म्हणतात म्हणून मीही म्हणते. ते माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, मी त्यांना मराठीत उत्तर देते, नववीतील चार मुले दोन्ही भाषा मिसळून बोलतात, यंत्रांबरोबर आलेली माहितीपत्रके इंग्रजीत असतात, आणि मी मूळची कारवारकडची असल्यामुळे बोटाला चटका बसला की तोंडातून कोंकणी बाहेर पडते. माझ्याकडे कामे दोन होती : माहितीपत्रके वाचून सांगणे आणि हिशेब लिहिणे. पहिल्या कामात माझ्या हातून एक चूक घडली, तिची हकिकत पुढे येईलच. हिशेबाविषयी एवढेच सांगते, की एकंदर खर्च एका बऱ्यापैकी मोटारसायकलीइतका झाला, आणि तो जवळजवळ सगळा काकांच्या निवृत्तीच्या पैशांतून झाला. काकूंना हे दोन वर्षे आवडले नाही.

नमुना म्हणून कोणते विमान घ्यावे, यावर बरेच दिवस वाद झाला. मुलांना लढाऊ विमान हवे होते. काकांनी निवडले एच.टी.-२. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. त्या कारखान्यात आलेले एक तरुण अभियंते म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर भागात १९०८ साली त्यांचा जन्म झाला. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आरेखिलेले दोन आसनी शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. तेच एच.टी.-२. अशी सुमारे १७० विमाने बनली. घाना देशाच्या वायुदलालाही त्यांतील बारा गेली. आपल्या वायुदलातील वैमानिकांच्या किती तरी पिढ्या या विमानावर पहिला धडा शिकल्या.

येथे मला थोडे कडू बोलावेसे वाटते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. तिला त्या काळचा विश्वसनीय पुरावा आजवर पुढे आलेला नाही. आपल्या भाषेत मोठ्या पतंगाला वावडी म्हणतात आणि निराधार बातमीलाही वावडीच म्हणतात, हा योग मोठा मार्मिक आहे. पण जे विमान उडाले, शेकड्याने बनले आणि आज बंगळुराच्या संग्रहालयात उभे आहे, त्याच्या मराठी कर्त्याचे नाव आमच्या वर्गात एकालाही सांगता आले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते काकांकडूनच कळले.

असो. आता गणिताकडे वळू. लांबी चौथाई झाली म्हणजे सगळेच चौथाई होते, असा माझा समज होता; मुलांनी तो फळ्यावर पुसून टाकला. एच.टी.-२ चा पंखविस्तार १०.७२ मीटर; त्याचा चौथा हिस्सा २.६८ मीटर. परंतु पंखाचे क्षेत्रफळ लांबी व रुंदी अशा दोन मापांवर अवलंबून, म्हणून ते सोळावा हिस्सा होते : मूळचे १६ चौरस मीटर, चौथाईचे अवघे एक. वजन तर तीन मापांवर अवलंबून, म्हणून ते चौसष्टावा हिस्सा. मूळ विमान भरल्या वजनाने १०१६ किलोग्रॅम. चौसष्टांनी भागल्यास सुमारे १६ किलोग्रॅम. आता पाहा, मूळ विमानाच्या प्रत्येक चौरस मीटर पंखावर साडेत्रेसष्ट किलोग्रॅम भार, आणि चौथाईच्या पंखावर केवळ सोळा. पंखाची उचलण्याची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. भार चौथा झाला, तर वेग निम्मा असला तरी विमान तरंगते. मूळ विमानाचा अत्युच्च वेग ताशी २०० किलोमीटरच्या किंचित वर. तेव्हा चौथाई विमान ताशी शंभराच्या आत खुशाल खऱ्यासारखे दिसते.

मग आणखी लहान का करू नये? कारण हवा लहान होत नाही. हवेलाही थोडा चिकटपणा असतो. पंखाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ मंदगती थर राहतो, हा शोध १९०४ साली प्रांटलनेच मांडला. मोठ्या पंखापुढे तो थर नगण्य. पण वीतभर रुंदीच्या पंखाला तो पायात घोटाळणाऱ्या धोतरासारखा नडतो. म्हणून खेळण्यातील लहान विमाने माशीसारखी भिरभिरतात आणि वेग जरा कमी झाला की दगडासारखी पडतात. मोठ्या नमुन्याची चाल मात्र संथ व डौलदार असते. आणि आणखी मोठे का करू नये? तिसऱ्या हिश्शाचे विमान त्याच हिशेबाने सदतीस किलोग्रॅमच्या वर जाते. आपल्या देशात २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५ किलोग्रॅमपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी आणि नजरेच्या टप्प्यातच उडविल्या जाणाऱ्या यंत्राला नमुना-विमान म्हणतात. म्हणजे सोईच्या अपूर्णांकांत चौथाई हीच आमची सीमा होती.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ कागदापासून झाला. मूळ विमानाची समोरून, बाजूने व वरून अशी तीन चित्रे मिळवून ती वाढदिवसाचे फलक छापणाऱ्या दुकानात मोठी करून आणली. दुकानदाराने फोटो कुणाचा टाकायचा म्हणून विचारले. तो कागद काकांच्या पडवीत लांब पाटावर पसरला, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घातले, आणि त्यावरच टाचण्यांनी लाकडी पट्ट्या धरून पंख जुळविला. रेषा पाहून लाकूड चिकटवावयाचे; रेषेबाहेर गेले की ते चुकले.

लाकूड बाल्सा. हे झाड आपल्या काटेसावरीच्या नात्यातील असून ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते. त्याच्या वजनाला पाण्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच म्हणावे लागेल. काकांना परदेशी लाकडाचे पैसे देणे जिवावर आले, म्हणून त्यांनी प्रथम सावरीच्या फळ्यांवर हात चालवून पाहिला. आगपेटीच्या काड्यांना चांगले असे ते लाकूड, पण बाल्साच्या दुप्पट जड निघाले. शेवटी पंखांच्या फासळ्या बाल्साच्या, धडातील आडव्या चौकटी तीन मिलिमीटर प्लायवूडच्या, आणि मध्ये मोठमोठी भोके पाडलेली; जेथे ताण येत नाही तेथे लाकूड ठेवावयाचेच नाही.

पंखाचा कणा समजावून सांगताना काकांनी मुलांना स्टेशनावर नेले आणि रुळाचा छेद दाखविला. वर जाड डोके, खाली रुंद पाया आणि मध्ये पातळ पोट. रूळ वाकू लागला तर दाब वरच्या भागावर व ताण खालच्या भागावर येतो. मधल्या भागाने केवळ त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरावयाचे असते. आमच्या पंखाचा कणाही तसाच : वर एक देवदारी पट्टी, खाली एक देवदारी पट्टी, आणि मध्ये उभ्या रेषांच्या पातळ बाल्साची भिंत. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील एक पूर्ण प्रकरण मला त्या फलाटावर पाच मिनिटांत समजले. पंखाचे दोन भाग वेगळे निघतात. त्यांना जोडणारी इंचभर व्यासाची अॅल्युमिनियमची नळी धडातून आरपार जाते. पंखाचे टोक मुळापेक्षा दोन अंश खाली पिळलेले आहे. वेग फार घटला तर पंखाची बाजू टोकाकडून न ढासळता मुळाकडून ढासळावी आणि वैमानिकाला सावरण्यास क्षणभर मिळावा, हा त्यातील हेतू. वरून आच्छादन म्हणून उष्णतेने आक्रसणारा पातळ पापुद्रा घरच्या इस्त्रीने बसविला. जुन्या काळी येथे रेशीम ताणून त्यावर रोगणाचे हात देत.

यंत्र ५५ घनसेंटिमीटरचे, दोन फेऱ्यांचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे. त्याच्या लाकडी पंख्याचा व्यास बावीस इंच. मिनिटाला सात हजार फेरे झाले, तर त्या पंख्याची टोके ताशी सातशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरतात. हा आकडा मी मुलांकडून दहा वेळा वहीत लिहून घेतला. शाळेत शिक्षा म्हणून मी असे कधी करीत नाही. फिरत्या पंख्याच्या पुढे किंवा त्याच्या पात्यांच्या पातळीत कोणीही उभे राहावयाचे नाही, हा पडवीतील पहिला नियम. मूळ विमानाचे नाक अरुंद असल्यामुळे यंत्र आतल्या आत तापू लागले. काकांनी हवा आत येण्याची फट तशीच ठेवून बाहेर जाण्याची वाट दुपटीने मोठी केली. तापलेली हवा फुगते, तिला निघावयास अधिक जागा हवी, हे त्यांनी वाफेच्या इंजिनांवरून सांगितले.

आता या सर्वांत मला सर्वांत नवलाचा वाटलेला भाग. काडेपेटीहून थोडा मोठा असा ‘सर्व्हो’ नावाचा एक डबा असतो. त्यात एक लहान मोटार, दातेरी चाके आणि आपला दांडा कोठे आहे हे विजेच्या दाबाने सांगणारे एक उपकरण असते. रेडिओचा ग्राहक त्याला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा विजेची एक लहानशी थाप देतो. थाप दीड सहस्रांश सेकंद टिकली, तर दांडा मध्यावर; एक सहस्रांश टिकली, तर एका टोकाला; दोन सहस्रांश टिकली, तर दुसऱ्या टोकाला. डबा काय करतो? वाण्याने तराजूत धान्य घालावे, काटा पाहावा, थोडे काढावे, पुन्हा पाहावे, तसा तो मिळालेल्या आज्ञेशी दांड्याची जागा सतत ताडून पाहतो आणि फरक शून्य होईपर्यंत मोटार फिरवितो. आमच्या विमानात असे सात डबे आहेत : पंखांवरील एलेरॉनना दोन, शेपटीच्या आडव्या एलेव्हेटरला दोन, उभ्या रडरला एक, यंत्राच्या थ्रॉटलला एक आणि शेपटीकडील चाकाला एक. त्यांपैकी मोठ्यांची ताकद अशी, की एक सेंटिमीटरच्या दांड्याला वीस किलोग्रॅम वजन टांगले तरी ते उचलतील. एलेव्हेटरचे दोन भाग दोन स्वतंत्र सर्व्होंना जोडण्याचे कारण सरळ आहे. एक बिघडला तरी दुसऱ्याने विमान खाली आणता यावे. ग्राहकाला विजेचे घटही त्याच कारणाने दोन.

बिनतारी लहरींनी यंत्र हाकण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदातील बोट अशी चालवून दाखविली. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतील कॅलामझू गावच्या वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांचे नाव घेतात. त्यांचे ‘गफ’ हे आठ फूट पंखांचे विमान १९३७ साली निर्वात नळ्यांच्या रेडिओवर उडाले आणि आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक विमानाला एक ठरावीक लहरसंख्या असे. त्यामुळे मैदानात दोघांची लहरसंख्या एक झाली की एकाचे विमान दुसऱ्याची आज्ञा ऐके आणि भुईसपाट होई. म्हणून मैदानात एक फळी व तिच्यावर कपड्यांचे चिमटे ठेवीत. ज्याच्या हाती चिमटा त्यानेच प्रक्षेपक सुरू करावयाचा. आजचे प्रक्षेपक २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात क्षणोक्षणी जागा बदलीत बोलतात आणि ग्राहक फक्त आपल्या जोडीदाराचेच ऐकतो. चिमट्यांची फळी गेली. तरीही संबंध तुटण्याची शक्यता उरतेच, आणि तेथूनच माझ्या चुकीची गोष्ट सुरू होते.

संबंध तुटल्यास ग्राहकाने काय करावे, हे आधीच ठरवून ठेवता येते. थ्रॉटल बंद करून यंत्राची गती अगदी मंद करावी, ही सर्वमान्य रीत. प्रक्षेपक व ग्राहक यांची प्रथम जोडी जमविताना थ्रॉटल ज्या स्थितीत असेल, ती स्थिती आमचा ग्राहक स्मरणात ठेवतो. मी माहितीपत्रक वाचून दाखविले, मुलांनी थ्रॉटल बंद ठेवून जोडी जमविली, सर्व ठीक झाले. पुढे पंधरा दिवसांनी थ्रॉटलचा दांडा दुसऱ्या बाजूने बसवावा लागला, म्हणून प्रक्षेपकात त्याची दिशा उलटी केली. माहितीपत्रकात एक ओळ होती : दिशा बदलल्यास जोडी पुन्हा जमवावी. ती ओळ मी वाचली होती. परंतु मागील पानावरील सूचनेची ती केवळ पुनरुक्ती आहे असे मला वाटले आणि मी ती वाचून दाखविली नाही. तुमच्या निबंधांत पुनरुक्ती दिसली की लाल रेघ ओढणारी मी!

परिणाम असा झाला, की ग्राहकाच्या स्मरणातील ‘बंद’ आता ‘पूर्ण उघडे’ झाले होते.

काकांच्या परसात विमान शेपटीकडून दोराने निंबाला बांधले होते आणि चाकांपुढे विटा होत्या. यंत्र मंद गतीने चालू होते. सर्व जण पंखामागे उभे होते. संबंध तोडण्याची परीक्षा म्हणून मी प्रक्षेपक बंद केला. यंत्र कुरकुरत विझेल अशी आमची अपेक्षा होती, ते एकदम गर्जले. दोर ताणला गेला, एक वीट उडून कुंपणाला लागली, शेपूट जमिनीवरून उचलले गेले आणि पंख्याने समोरच्या मातीचा फवारा उडविला. माझ्या हातात बंद प्रक्षेपक होता आणि तो पुन्हा सुरू करावा हे मला सुचले नाही. काकांनी दोन पावले टाकून धडावरील खटका दाबला आणि ठिणगी बंद झाली. तो खटका मूळ नकाशात नाकाशेजारी होता. काकांनी हट्टाने तो पंखाच्या मागे बसविला होता.

किती मोठे संकट टळले त्याचा हिशेब मुलांनीच नंतर केला. साडेचौदा किलोग्रॅमचे हे विमान ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने येऊन आदळणे म्हणजे तेवढ्याच वजनाचे तांदळाचे पोते आठव्या मजल्यावरून अंगावर पडणे. चार मुलांपैकी एकीची आई त्या वेळी कुंपणाशी उभी होती. तिने काही न बोलता मुलीला हात धरून घरी नेले. दोन महिने पडवीचे दार बंद राहिले. नंतर काका व मी त्यांच्या घरी गेलो. काय झाले, का झाले व चूक कोणाची, हे मी जसे घडले तसे सांगितले. त्या माउलीने एकच अट घातली : तिची मुलगी ‘थांबा’ म्हणाली, तर मोठ्यांनीसुद्धा कारण न विचारता थांबले पाहिजे. तो पडवीतील दुसरा नियम झाला. शब्द कोणत्या भाषेतील असावा यावर मुले भांडली. काकांचे ‘तडीरि’, माझे कोंकणी ‘राव’ आणि मराठी ‘थांबा’ असे तिन्ही मान्य ठरले. दोर, खटका व जोडी यांची परीक्षा तेव्हापासून दर वेळी होते आणि ती ओळ मी दर वेळी मोठ्याने वाचते.

तोलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून सुमारे चौथ्या हिश्शावर असावा लागतो. तो मागे सरकला तर विमान सावरता येत नाही. आमच्या पंखाची सरासरी रुंदी सदतीस सेंटिमीटर, म्हणजे मध्य पुढच्या कडेपासून नऊ-दहा सेंटिमीटरांवर हवा. विमान त्या ठिकाणी दोन बोटांवर तोलून पाहिले, तो शेपूट खाली! नाक आखूड व शेपूट लांब. तेव्हा शेपटीतील एक ग्रॅम तोलण्यास नाकात दोन-तीन ग्रॅम लागतात. ज्या काकांनी वर्षभर पॉलिशकागद घासून एकेक ग्रॅम काढला होता, त्यांना शेवटी नाकात सातशे ग्रॅम शिसे भरावे लागले. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत.

उडविण्यास जागा पाहिजे. हुबळीचा विमानतळ गोकुळ रस्त्यावर, शहराला लागूनच आहे; कार्यरत विमानतळापासून पाच ते आठ किलोमीटरांत परवानगीशिवाय जमिनीवरूनच बंदी, आठ ते बारा किलोमीटरांत दोनशे फुटांची मर्यादा, आणि त्यापलीकडे खुल्या क्षेत्रात चारशे फूट. सरकारचा ‘डिजिटल स्काय’ नावाचा नकाशा पाहून आम्ही अण्णिगेरीच्या बाजूस, काकांच्या नात्यातील एका शेतकऱ्याचे काळ्या जमिनीचे रान निवडले. हरभरा निघाल्यावर तेथे लाकडी फळी फिरवून पन्नास-साठ मीटरांची वाट सपाट केली. काळ्या जमिनीला उन्हाने भेगा पडतात, त्या मातीने बुजविल्या. सगळ्या बुजल्या नाहीत.

विमान कोण चालविणार? मुलांनी संगणकावर व थर्मोकोलच्या लहान विमानावर महिनोन्‌महिने सराव केला होता. त्यातील अवघड गोष्ट अशी, की विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. त्याला युक्ती अशी : जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला दांडा सारावा, जणू पडत्या पंखाला टेकू द्यावयाचा. तरीही पहिले उड्डाण एन.सी.सी.च्या वायुशाखेत शिकलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी करावे असे ठरले. त्यांचा प्रक्षेपक व त्या मुलीचा प्रक्षेपक एकमेकांना जोडलेले होते. त्यांनी कळ दाबून धरली तरच विमान तिच्या हाती जाई आणि कळ सोडली की परत येई.

काका का नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे आणि दुसरा अधू आहे. मी त्यांना मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांची गोष्ट वाचून दाखविली होती. सत्त्याहत्तराव्या वर्षी, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, हिल यांनी हाताने चाचपून बाल्साचे एक पाच किलोग्रॅमचे विमान बनविले. आधीचे प्रयत्न समुद्रात बुडाले होते. हे विमान ऑगस्ट २००३ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून निघाले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे तीन हजार किलोमीटर अटलांटिक ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. उतरविणारे होते त्यांचे स्नेही. काका ऐकून म्हणाले, “त्यांना पेट्रोल किती लागलं?” एक गॅलनही लागले नव्हते. त्यावर ते बराच वेळ विचार करीत बसले.

फेब्रुवारीतील पहाट. वारा नव्हता. परीक्षा झाल्या, ओळ वाचून झाली, यंत्र सुरू झाले, आणि विमान वाटेवर आले तोच मुलगी ओरडली, “थांबा!” अनुभवी गृहस्थांनी तत्काळ यंत्र मंद केले. बांधाआडून एक मेंढपाळ आपली मेंढरे घेऊन वाटेच्या टोकाशी येत होता. आम्हां मोठ्यांपैकी कोणाचेच लक्ष तिकडे नव्हते. मेंढरे जाण्यास पाव तास लागला. तिची आई पडवीत घातलेली अट आठवून किंवा नुसतीच, पदर तोंडाला लावून उभी होती.

नंतर विमान चाळीस मीटर धावले आणि उठले. ते इतके सावकाश उठले, की मला वाटले ते थांबलेच. त्याची सावली हरभऱ्याच्या खुंटांवरून गेली. दोन मोठे वळसे झाल्यावर गृहस्थांनी कळ दाबली आणि पुढची दोन मिनिटे विमान त्या मुलीच्या हाती होते. एकदा पंख खाली गेला. तिने त्याच्या बाजूने दांडा सारला आणि तो वर आला. काका मान वर न करता जमिनीकडे पाहत उभे होते. विमान त्यांना दिसतच नव्हते. ते ऐकत होते. थोड्या वेळाने मला म्हणाले, “अक्का, पेट्रोल जास्त जातंय. सुई पाव फेरा आत घ्यायला हवी.”

उतरताना सारे बरोबर झाले. शेवटच्या चार मीटरांत डावे चाक एका न बुजलेल्या भेगेत गेले, विमान नाकावर कलले आणि पंख्याचे एक पाते मोडले. काकांनी ते तुकडे रुमालात बांधून घेतले. नवा पंखा आला आहे. विमानाचे धड त्यांच्या पडवीत आहे. पंखांना मात्र तेथे उंदरांची भीती, म्हणून ते माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर ठेवले आहेत, आणि ज्ञानेश्वरी काढावयाची झाली की मला आधी एच.टी.-२ चा उजवा पंख दोन्ही हातांनी बाजूला घ्यावा लागतो. यंदाचा हरभरा निघाला की पुन्हा अण्णिगेरीस जावयाचे आहे. भेगा बुजविण्याकरिता या खेपेस काकूही येणार आहेत.